कच्च्या तांदळाचं पातेलं

रेखामावशी नागपूरहून आल्यापासून अमेरिकेतल्या शुगर लँडच्या त्या घरात आईच्या वर्षश्राद्धाच्या स्वयंपाकाखेरीज दुसरा विषय निघाला नव्हता. काय चालतं आणि काय चालत नाही. भोपळा चालतो, वांगं चालत नाही. उडदाचे वडे हवेतच. कांदा-लसूण घरात दिसताही कामा नये, म्हणून शैलेंद्रने कांद्यांची जाळी उचलून गॅरेजमध्ये नेऊन ठेवली होती, आणि ऑगस्टच्या उकाड्यात आता सगळ्या गॅरेजला कांद्याचा वास मारत होता. गाडी काढताना बाबा रोज विचारत, "हा कसला वास?" आणि रोज कोणीतरी त्यांना सांगे.

शुक्रवारी दुपारी आसावरीने ब्लेंडर ओट्यावर ठेवला तेव्हा मावशी डायनिंग टेबलाशी उडदाची डाळ निवडत बसली होती. परातीतून मान वर न करता तिने विचारलं, "ते काय गं, आसा?"

"तांदूळ. काल भिजत घातले होते."

"खिरीसाठी?"

"ओर्चातासाठी."

"पुन्हा तेच!" मावशीने परात बाजूला सारली. "अगं, ते सरबत आहे. श्राद्धाच्या पानात सरबत कोण वाढतं? खीर असते. तांदूळच आहे, साखरच आहे, दूध घालायचं. फक्त शिजवायचं."

"शिजवलं की त्याची खीर होते, मावशी."

"मग मी दुसरं काय म्हणून राहिले?"

आसावरीने भिजलेले तांदूळ पाण्यासकट ब्लेंडरमध्ये ओतले, वर दालचिनीच्या काड्या मोडून टाकल्या आणि बटण दाबलं. त्या आवाजात कोणाला काही बोलता येत नाही, एवढाच त्या यंत्राचा फायदा होता.

ओर्चाता आईच्या आयुष्यात आलं ते इथल्या तिसऱ्या उन्हाळ्यात. शैलेंद्र शाळेत जायला लागल्यावर ती एका पाळणाघरात नोकरीला लागली होती आणि तिथल्या ल्यूपे नावाच्या मेक्सिकन मैत्रिणीने तिला ते शिकवलं होतं. तांदूळ आणि दालचिनी रात्रभर भिजवायची, वाटायची, गाळायची, साखर घालून गार करायची. आई ते बाबांच्या जुन्या पंच्यातून गाळत असे, कारण तिच्या मते बाजारातल्या गाळणीतून रवा उतरतो. पुढे ल्यूपे सॅन अँटोनियोला गेली, पाळणाघर बंद पडलं, पण ओर्चाता राहिलं. महाराष्ट्र मंडळाच्या पिकनिकला लोक पन्ह्याऐवजी सुमित्राकाकूंचं ओर्चाता मागत.

गेल्या वर्षी आईला पॅरालिसिसचा झटका आला. त्यानंतरचे पाच आठवडे तिने एकच गोष्ट मागितली. तिचं बोलणं फारसं समजत नसे, पण 'ओर' एवढं निघालं की सगळ्यांना कळायचं. आणि ते देता येत नव्हतं. तिचं गिळणं बिघडलं होतं. पातळ काहीही फुप्फुसात जाईल म्हणून बंद होतं. पाण्यातसुद्धा एक पांढरी भुकटी कालवून ते दाट करून द्यायचे, आणि आई ते थुंकून टाकायची. ओर्चातात ती भुकटी घालून पाहिली, तेही तिने थुंकलं. शेवटी न देताच सगळं संपलं. तेव्हापासून आसावरीच्या मनात एवढंच होतं की वर्षश्राद्धाच्या पानात ते असलं पाहिजे. बाकी वडे होवोत न होवोत.

हे मावशीला एका वाक्यात सांगता आलं असतं. पण मावशीला यातलं काहीच माहीत नव्हतं. तिला बीपी होतं, व्हिसा दोनदा नाकारला गेला होता, इतक्या लांबून ती नुसती रडत बसली असती. म्हणून बाबांनी तेव्हा फोनवर सांगून टाकलं होतं की झटका सौम्य आहे, सुमित्रा खाते-पिते, थोडा थकवा आहे. मग सुमित्रा गेली, आणि आधी सांगितलेलं खोटं परत कोणी उचकटलं नाही. व्हिसा यंदा मिळाला. मावशी आल्याच्या दिवशी विमानतळावरच बाबांनी आसावरीला बाजूला घेऊन बजावलं होतं, "आता जुनं काही काढायचं नाही. रेखाताईंचं बीपी."

त्यामुळे मावशीला भाचीचा नुसता हट्ट दिसत होता, आणि भाचीला तो नुसता हट्टच म्हणून चालवावा लागत होता.

ब्लेंडर थांबला. मावशी याचीच वाट पाहत होती.

"आणि ही कसली दालचिनी? कागदासारखी चुरगळते."

"मेक्सिकन दुकानातली आहे. आई हीच वापरायची. आपली फार तिखट लागते."

"आपली म्हणजे तिखट! बाप्पा! आणि कच्चा तांदूळ पितरांना? लहानपणी मूठभर कच्चे तांदूळ तोंडात टाकले तर आमची आजी म्हणायची, लग्नात पाऊस येईल."

"आमच्या लग्नात आला होता," बाबा सोफ्यावरून म्हणाले. पाइपलाइनच्या नोकरीतून निवृत्त झाल्यापासून ते दिवसाला अशी दोन-तीन वाक्यं बोलत आणि पुन्हा वर्तमानपत्रात जात. "मांडव गळत होता."

"बाबा, तुम्ही सांगा ना मावशीला."

"रेखाताई म्हणतात तसं करा."

शैलेंद्र वरच्या मजल्यावरून फोन कानाला लावून खाली आला. ऑफिसने त्याला रजा दिली होती, पण सोडलं नव्हतं. फोनचं तोंड हाताने झाकून तो म्हणाला, "ताई, जाऊ दे ना यार. मावशी इतक्या लांबून आलीय."

"कालच तू म्हणालास की ओर्चाता हवंच."

"हवंच आहे. मला दोन्ही चालेल. आणि त्यात व्हॅनिला घाल, आई व्हॅनिला घालायची." तो पुन्हा फोनवर बोलत अंगणात गेला.

"व्हॅनिला नाही, बदाम," सिंकपाशी भांडी घासणारी प्रतिमा म्हणाली. शैलेंद्रची बायको एरवी डिशवॉशर वापरी, पण मावशीने त्यातली भांडी उष्टी ठरवली होती. "आई मूठभर बदाम घालायच्या. मी पाहिलंय."

"ते पाहुणे असले की," आसावरी म्हणाली. "घरच्यांसाठी नुसता तांदूळ."

"म्हणजे मी पाहुणी होते का?"

आईने कधी काही लिहून ठेवलं नव्हतं. प्रत्येकाच्या जिभेवर वेगळी आई होती आणि प्रत्येकजण आपलीच खरी धरून बसला होता. आसावरीने वाटलेलं पांढरं पाणी पंच्यातून गाळलं, पंचा पिळला, साखर ढवळली, चव घेतली. जवळपास होतं. आईच्या इतकं नव्हतं, पण ओळखू येत होतं. तिने पातेलं फ्रीजच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात ठेवलं, झाकण घातलं आणि कोणाशी एक शब्द न बोलता जाऊन बाहेरच्या झाडांना पाणी घातलं, जे तिथल्या स्प्रिंकलरने सकाळीच घातलेलं होतं.

तिथी खरं म्हणजे गुरुवारी होती. पण पाठक गुरुजी आठवडाभर एका विमा कंपनीत काम करत आणि श्राद्धं शनिवारी लावत. "अकराला पोचतो," असं त्यांनी कळवलं होतं. "ट्रॅफिक नसेल तर."

शनिवारी सकाळी आसावरी नाहून खाली आली तेव्हा जिन्यातच तिला वास आला. गरम दालचिनीचा. घरात तो वास असायचं काही कारण नव्हतं. ओर्चाता गारच करायचं असतं, त्याचा वास पेला तोंडाशी नेल्यावर येतो.

पातेलं शेगडीवर होतं. मावशी नऊवारी नेसून, पदर खोचून, डावाने ते ढवळत होती.

"ये," ती प्रसन्नपणे म्हणाली. "मला मेली झोपच नाही तुमच्या अमेरिकेत. पहाटेच उठून बसले. फ्रीज उघडला तर तू सगळं वाटून, गाळून, साखरसुद्धा घालून ठेवलेलं. म्हटलं, पोरीने ऐकलं आपलं. खूप बरं वाटलं बघ. तुझी धावपळ नको म्हणून चढवून टाकलं. थोडं दूध घातलं. वेलदोडा घालणार होते, पण सुमीच्या डब्यांत कुठे काय आहे, काही पत्ताच लागत नाही."

आसावरी पातेल्यात बघत राहिली. काल पाण्यासारखं होतं ते आज डावाला धरून बसलं होतं. मध्येच एक बुडबुडा येऊन हळूच फुटत होता.

"मी ऐकलं नव्हतं, मावशी."

"काय?"

"मी तुझं ऐकलं नव्हतं. ते ओर्चाता होतं. ते तसंच वाढायचं होतं."

मावशीचा हात थांबला. मग पुन्हा ढवळू लागला, कारण खीर खाली लागते. "असं कसं? मी काल इतकं समजावून सांगितलं."

"तू सांगितलंस. मी हो म्हटलं नाही."

"नाही पण म्हटलं नाहीस. उठून झाडांना पाणी घालायला गेलीस."

"मावशी, फ्रीजमध्ये दुसऱ्याने काही ठेवलं असेल तर विचारावं!"

"कोणाला विचारू? तुम्ही सगळे झोपलेले. आणि दुसरं कोण? माझ्या बहिणीचा फ्रीज आहे तो."

"माझ्या सासूचापण आहे," दारातून आवाज आला. ओले केस पंच्यात गुंडाळून प्रतिमा उभी होती. काल दिवसभर 'मावशी म्हणतात ते बरोबर' म्हणत भांडी आपटणारी हीच प्रतिमा, हे आसावरीला क्षणभर खरं वाटेना. "त्यांच्या स्वयंपाकघरात त्यांना न विचारता मीसुद्धा कधी गॅस लावला नाही. आणि आसाताई रात्री तांदूळ भिजवून, सकाळी वाटून... म्हणजे दुपारी... मुद्दा तो नाही. मुद्दा असा की तुम्ही कोणाचंच काही ठेवत नाही, मावशी. माझा कुकरपण तुम्ही गॅरेजमध्ये ठेवलात."

"त्याच्यात कांदा शिजला होता!"

"मार्चमध्ये!"

शैलेंद्र आला. तो श्राद्धाचा कर्ता असल्यामुळे नाहून, उघड्या अंगाने, सोवळ्याचं धोतर नेसून आला होता, आणि त्या धोतराच्या गाठीवर त्याचा अजिबात विश्वास नव्हता. एक हात सतत कमरेवर होता. त्याने पातेल्यात डोकावलं, बहिणीच्या तोंडाकडे पाहिलं, आणि बाजू बदलली.

"मावशी, हे काय केलंस यार!"

"हा बघा. काल म्हणत होता दोन्ही चालेल."

"दोन्ही म्हणजे दोन्ही! आता एकच उरलं." त्याने घड्याळाकडे पाहिलं. "ताई, पुन्हा करायला किती वेळ?"

"रात्रभर भिजवावे लागतात तांदूळ."

"ओके. प्रॉब्लेम सॉल्व्ह्ड. मी आणतो. हायवेजवळ तो मेक्सिकन टाकेरिया आहे ना, तिथे विकत मिळतं, सकाळी उघडा असतो."

"या अवतारात?"

"ड्राइव्ह-थ्रू आहे, गाडीतून उतरायचंच नाही," शैलेंद्र म्हणाला आणि किल्ल्या घेऊन धोतर सावरत निघाला. गॅरेजचं दार उघडल्याचा आवाज आला, पाठोपाठ कांद्याचा वास.

"सोवळ्यात!" मावशी ओरडली. "अरे, मोटारीत बसून! पुन्हा आंघोळ करावी लागेल तुला!" आणि मग आसावरीकडे वळून, "विकतचं आणून श्राद्धाच्या पानात वाढणार तुम्ही? सुमीच्या? उल्हासराव, तुम्ही तरी बोला काही!"

बाबा सोफ्यावर होते. त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. "रेखाताईंनी चांगल्या हेतूनेच केलंय, आसा."

"बाबा, एकदा," आसावरी म्हणाली, "एकदा तरी तुम्ही सांगा की तुम्हाला काय हवंय."

बाबांनी चष्मा पुन्हा काढला. तिने शेगडी बंद केली, पातेल्याला दोन्हीकडून फडकी लावली आणि ते उचलून सिंकमध्ये ठेवलं. ओतून टाकायचं, पातेलं घासायचं आणि विषय संपवायचा. ओतण्याआधी तिने आतला डाव उचलला आणि सवयीने पातेल्याच्या काठावर तिरका केला.

खीर डावावरून लगेच पडली नाही. कडेला जमली, जरा लोंबली, आणि मग सावकाश, एका गठ्ठ्याने खाली सुटली.

ते पडणं तिला माहीत होतं. पाच आठवडे ती तेच शिकत होती. हॉस्पिटलात गिळायला शिकवणारी एक उंच बाई रोज सकाळी यायची, चमचा भरायची, तिरका करायची आणि म्हणायची, बघा, धार लागली तर द्यायचं नाही. असं थांबून, जड होऊन पडलं, तर चालेल. आसावरीने घरी येऊन शंभर पदार्थांचे चमचे तिरके करून पाहिले होते. डाळीचे, सुपाचे, दह्याचे. भुकटी घातलेल्या ओर्चाताचे. ओर्चाता मात्र तिने विस्तवावर ठेवलं नव्हतं. ते गार असतं. ते उकळत नाहीत. आईनेच तिला लहानपणी हात धरून शिकवलं होतं, याला विस्तव दाखवायचा नाही.

"बघ, कशी दाट झालीय," पाठीमागून मावशी जरा समजुतीच्या सुरात म्हणाली. "फुकट घालवू नकोस गं."

"हे तिला गिळता आलं असतं," आसावरी म्हणाली.

"कोणाला?"

"आईला."

सोफ्यावरून बाबा म्हणाले, "आसा," पण तिने त्यांच्याकडे पाहिलं नाही. ती सिंकच्या खिडकीकडे तोंड करून, डाव हातात धरून, सरळ आवाजात सांगत गेली. की झटका सौम्य नव्हता. की आईला शेवटपर्यंत गिळता येत नव्हतं. की ती जेवत नव्हती, नळीने घालत होते. की तिने फक्त हे एक मागितलं, आणि हे पातळ असतं म्हणून आम्ही दिलं नाही. सांगून झाल्यावर तिला हलकं वगैरे वाटलं नाही. उलट इतकं साधं वाक्य वर्षभर का सांभाळलं, याचीच चीड आली.

मावशी डायनिंगच्या खुर्चीत बसली. ती नागपूरच्या एका मुलींच्या शाळेत मुख्याध्यापिका होती, आणि एखाद्या वर्गाने सगळ्यांनी मिळून खोटं बोलल्याचं कळावं तशी ती एकेकाकडे पाहत होती.

"तुम्ही सांगितलं होतं, ती जेवून राहिली आहे."

"तुमचं बीपी, रेखाताई," बाबा म्हणाले.

"चुलीत घाला माझं बीपी!" मावशीचा आवाज फाटला. "मी दर रविवारी फोन करत होते. ती नुसती हं-हं करायची. मला वाटलं, बाईला बहिणीशी बोलायला वेळ नाही. मी रुसले हो तिच्यावर! दोन रविवार फोन केला नाही मी. आणि तुम्ही मला रुसू दिलंत. तुम्हाला सगळं माहीत असून रुसू दिलंत!"

बाबा उठून आले होते. ते तिच्यासमोर उभे राहिले, हात कुठे ठेवावेत ते न कळल्यासारखे, आणि म्हणाले, "तिला कळत होतं की तुम्ही आहात. रिसीव्हर मी कानाशी धरत असे. नंतरच्या दोन रविवारी तिने फोनकडे बोट दाखवलं."

हे आसावरीलाही नवीन होतं. मावशीने पदर तोंडाला लावला आणि तो तसाच धरून बसली. प्रतिमाने पाण्याचा पेला आणून तिच्यापुढे ठेवला आणि तिच्या खांद्यावर हात टेकवला. अर्ध्या तासापूर्वी या दोघी कुकरवरून भांडत होत्या.

थोड्या वेळाने मावशीने डोळे पुसले आणि सिंकमधल्या पातेल्याकडे पाहिलं. तिचे ओठ काहीतरी म्हणायला उघडले. ती काय म्हणणार ते आसावरीला आधीच ऐकू आलं. पेज. आजाऱ्याला आपल्याकडे काय देतात? तांदळाची पेज. कोणत्याही घरात, कोणत्याही आजीने सांगितलं असतं. एवढे तुम्ही इंजिनियर, एवढे तुमचे डॉक्टर. आसावरी वाट पाहत राहिली.

मावशी म्हणाली, "ते पातेलं सिंकमधून काढ. मोरीत ठेवू नये अन्न."

गॅरेजचं दार वाजलं. शैलेंद्र आत आला, एका हाताने धोतर आणि दुसऱ्या हाताने पांढरा थर्माकोलचा भला मोठा कप धरून. त्याला झाकण होतं, झाकणातून लाल स्ट्रॉ वर आली होती.

"लार्जच होतं," तो म्हणाला. "ती खिडकीतली बाई मला विचारत होती, कराटे का? मी हो म्हटलं." मग त्याने सगळ्यांचे चेहरे पाहिले. "काय झालं?"

"मावशीला सांगितलं," प्रतिमा म्हणाली.

शैलेंद्रने कप ओट्यावर ठेवला. त्याने एकदा बाबांकडे पाहिलं आणि म्हणाला, "बरं केलं." मग मावशीजवळ जाऊन खाली बसला. तिने त्याच्या उघड्या पाठीवर एक चापट मारली, चांगली जोरात, आणि हात तिथेच ठेवला.

घड्याळात अकराला दहा मिनिटं कमी होती. पानं मांडायची होती. मावशी उठली, तोंड धुऊन आली आणि तो कप उचलून आसावरीपुढे धरला.

"हेच ना ते? हे वाढ. तिला हवं होतं ते हेच. वाटीत ओत आणि वाढ."

"विकतचं आहे, मावशी."

"असू दे विकतचं."

"थर्माकोलमधलं. कराटेवाल्याने आणलेलं."

"मी म्हणते ना, असू दे! तुझाच हट्ट होता."

"मला आता ते नाही वाढायचं. मला हे वाढायचंय." तिने पातेल्यावर हात ठेवला. ते अजून गरम होतं.

"अगं, पण ही खीर आहे! तुला खीर नको होती ना?"

"आता हवीय."

"काय पोर आहे, बाप्पा!" मावशी म्हणाली. "काल मी खीर म्हणत होते तेव्हा सरबत म्हणून राहिली होतीस, आज मी सरबत म्हणते तर खीर. कशानेच तुझं समाधान होत नाही. सुमीवर गेलीस, तंतोतंत."

दोघींनी बाजू बदलल्या होत्या आणि भांडण तेच होतं. ते आणखी बराच वेळ चाललं असतं, पण मध्येच एक घरघर ऐकू आली, आणि सगळ्यांनी मान वळवली. बाबा ओट्याला टेकून, तो कप दोन्ही हातांत धरून, लाल स्ट्रॉने ओर्चाता पीत होते.

"उल्हासराव! आज! गुरुजी यायच्या आधी!"

बाबांनी स्ट्रॉ तोंडातून काढली. "मला विचारलं होतं ना, काय हवंय," ते म्हणाले. "फार गोड आहे. आणि यात व्हॅनिला आहे."

"मी म्हटलं होतं!" शैलेंद्र म्हणाला.

"तिच्या हातच्यात नसायचं," बाबा म्हणाले, आणि पुन्हा पिऊ लागले.

पाठक गुरुजी सव्वाअकराला आले. आल्या आल्या त्यांनी ट्रॅफिकला दोष दिला, शैलेंद्रला पुन्हा आंघोळीला पिटाळलं, स्मोक अलार्मखाली धूप लावायला नकार दिला आणि सामानाची पिशवी सोडून दर्भ शोधू लागले. हॉलमधला सोफा भिंतीला सरकवला होता. पाटाभोवती रांगोळी नव्हती. श्राद्धाला रांगोळी घालत नाहीत, हे मावशीने प्रतिमाला सांगितलं, पण त्याआधीच प्रतिमाने रांगोळीसाठी काढलेली तांदळाच्या पिठाची वाटी लपवून टाकली होती. केळीचं पान फ्रोझन सेक्शनमधलं होतं, कडेला जरा काळं पडलेलं. मावशीने त्यावर वाढायला घेतलं. भात, आमटी, भोपळ्याची भाजी, वडे. शेवटी आसावरीने पातेल्यातलं वाटीभर काढलं आणि ती वाटी पानावर ठेवली. वरून साय धरू लागली होती.

मग ती स्वयंपाकघरात गेली आणि एक चमचा घेऊन आली. साधा, स्टीलचा, चहाचा. तो तिने वाटीच्या उजव्या बाजूला ठेवला.

गुरुजींनी दर्भातून मान वर केली. "पानात चमचा नसतो, ताई."

आसावरीने चमचा उचलला नाही. गुरुजींनी घरातल्या मोठ्या बाईकडे पाहिलं; अशा वेळी निर्णय तिचा असतो, आणि ही बाई तर ते आल्यापासून नियमांवरच उभी असलेली दिसत होती.

"काढायला सांगा तो," ते तिला म्हणाले.

मावशी पानापाशी वाकली. चमच्याला हात लावून ती थांबली.

"आसा, कोणती बाजू गेली होती तिची?"

"उजवी."

मावशीने चमचा उचलला, पदराच्या टोकाने पुसला आणि वाटीच्या डाव्या बाजूला, हाताशी येईल असा ठेवला. मग गुडघ्यावर हात टेकून सरळ होत ती गुरुजींना म्हणाली, "हं. करा सुरू. उशीर फार झाला."